फोटो लॅबला, कागदपत्रं घरी

प्रश्न : आम्ही चिपळूणला राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. मुलगी दहावीला, धाकटा पाचवीत. मिस्टरांचं विम्याचं काम आहे, त्यामुळे फॉर्म, पावत्या, आधार-पॅनच्या कॉप्या अशी रोजची पाच-दहा पानं लागतातच. मुलांचे प्रोजेक्ट वेगळे. कार्ट्रिजचा प्रिंटर होता. सुट्टीत गावी जाऊन आलो की तो दरवेळी रंग द्यायचा थांबायचा, आता तर काळंही येत नाही. शिवाय २०२१ च्या पुरात आमचे अल्बम भिजले. काही फोटो वाचले, काही एकमेकांना चिकटलेत, काही नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर मागवलेत. सासूबाईंना नव्याने अल्बम करून द्यायचा आहे, साधारण दोनशे फोटोंचा. दुकानदार म्हणतो लेझर घ्या, कटकट नाही. दीर म्हणतात सहा रंगांचा फोटो प्रिंटर घ्या. बजेट १५ हजार, फार तर १८. काय घ्यावं?
— नाव छापू नये, चिपळूण

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर. चार रंगांचा, वर स्कॅनर असलेला इंक टँक (बाटलीने टाकीत शाई भरायचा) प्रिंटर घ्या, आणि त्याची काळी शाई पिगमेंटची, म्हणजे वाळल्यावर पाण्याने न पुसणारी, आहे ना ते बघून घ्या. तुमच्या बजेटात बसतो. अल्बमचे दोनशे फोटो मात्र घरी छापू नका, लॅबला द्या. दुकानदार आणि दीर दोघंही छपाईचाच विचार करतायत. तुमच्या पत्रातलं खरं जिकिरीचं काम स्कॅनिंगचं आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. लेझरमध्ये शाई नसते, टोनरची पूड असते. ती उष्णतेने कागदावर वितळून बसते. महिनाभर मशीन बंद राहिलं तरी सुकायला काही नाही, आणि छापलेलं पान पावसात भिजलं तरी अक्षर फुटत नाही. घरात फक्त कागदपत्रंच छापायची असती तर मीही तेच सुचवलं असतं. पण तुमच्या बजेटात बसणारा लेझर फक्त काळं-पांढरं छापतो, म्हणजे मुलांच्या प्रोजेक्टसाठी पुन्हा दुकान गाठायचं. रंगीत लेझर बजेटच्या बाहेर जातो, आणि त्यावरचा फोटो मासिकाच्या पानासारखा येतो, अल्बममधल्यासारखा नाही. त्यात कोकणात पावसाळ्यात वीज जाणार आणि सगळं इन्व्हर्टरवर चालणार. टोनर वितळवणारा भाग तापताना लेझर एकदम जोरात वीज ओढतो, घरगुती इन्व्हर्टर किंवा कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस तिथेच मान टाकतो. इंक टँक छापताना दहा-वीस वॅटमध्ये भागवतो. आणखी एक, शाईच्या प्रिंटरसाठीचा चकचकीत फोटो पेपर चुकूनही लेझरमध्ये घालायचा नाही. त्यावरचा थर आत वितळून चिकटला की दुरुस्तीचं बिल नव्या मशीनच्या जवळ जातं.

आता दीर. सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये नेहमीच्या चार रंगांच्या जोडीला आणखी दोन शाया असतात. एप्सनच्या या प्रकारच्या मॉडेलमध्ये फिकट निळी आणि फिकट गुलाबी, कॅननमध्ये करडी आणि लाल. चेहऱ्याचा उजळ भाग, आकाश, पांढऱ्या साडीच्या घड्या अशा ठिकाणी चार रंगांच्या प्रिंटमध्ये जवळून बघितलं तर ठिपके दिसतात, सहा रंगांत ते जवळपास दिसत नाहीत. फरक खरा आहे. पण हे मशीन वीस हजारांच्या पुढे सुरू होतं, त्यातल्या स्वस्त मॉडेलला बऱ्याचदा स्कॅनरच नसतो, आणि चारऐवजी सहा शाया सुकू द्यायच्या नाहीत म्हणजे सांभाळही तेवढा जास्त. दर महिन्याला पन्नास-साठ फोटो छापणाऱ्या घराला, किंवा घरगुती व्यवसायाची लेबलं-स्टिकर काढणाऱ्यांना तो परवडतो. तुमचा अल्बम एकदाच व्हायचा आहे. लॅबमध्ये चार बाय सहाचा फोटो साधारण दहा-पंधरा रुपयांना पडतो, दोनशेचे फार तर तीन हजार. तेवढ्यासाठी मशीनवर सात-आठ हजार जास्त घालवू नका. घरी छापलात तरी चांगला फोटो पेपर, शाई आणि बिघडलेल्या दोन-चार प्रिंट धरून एक फोटो फारसा स्वस्त पडत नाही.

कोणीतरी तुम्हाला पोस्टकार्डाएवढे फोटो काढणारा छोटा प्रिंटरही सुचवेल, कॅननचा सेल्फी वगैरे. गोड यंत्र आहे. आत रंगाची रिबीन असते, एकच कागद पिवळा, गुलाबी, निळा आणि शेवटी पारदर्शक थर असा चार वेळा आत-बाहेर करतो. मुलं बघत बसतात. शाई सुकायचा प्रश्न नाही आणि वरच्या थरामुळे पाण्याचा शिंतोडाही चालतो. पण कागद-रिबिनीचा एक फोटो वीस रुपयांच्या पुढे जातो आणि विम्याचा एकही फॉर्म त्यातून निघत नाही.

कार्ट्रिजच्या प्रिंटरकडे पुन्हा वळू नका, चार-पाच हजारांना मिळाला तरी. त्यात कंपनी मशीन स्वस्त देते आणि पैसे शाईत काढते. छोट्या कार्ट्रिजमध्ये शे-दीडशे पानं निघतात, म्हणजे पानामागे पाच रुपयांच्या आसपास. तुमची महिन्याला दोनशे पानं धरली तर हजार रुपये नुसत्या शाईचे. टँकचा हिशोब वेगळा. एप्सनची ००३ नंबरची काळी बाटली ६५ मिलिलिटरची, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ४,५०० पानांची. पानामागे दहा पैशांच्या आत-बाहेर. हा आकडा जेमतेम पाच टक्के भाग अक्षरांनी भरलेल्या पानाचा असतो आणि हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, साफ करताना जाणारी शाई त्यात धरलेली नसते, तेव्हा तुम्ही तो निम्मा धरा. तरीही कार्ट्रिजच्या जवळपास येत नाही. वर्षभरात मशीनची जास्तीची किंमत वसूल होईल.

आता ती पिगमेंटची अट. शाई दोन प्रकारची असते. डाय शाई पाण्यात विरघळलेली, रंगाला चमकदार, पण ओल्या बोटाने पुसली जाते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदावर बसतात आणि वाळले की पाण्याला दाद देत नाहीत. कॅननच्या जी मालिकेतले नेहमीचे चार रंगांचे टँक, एचपीचे स्मार्ट टँक, ब्रदरचे टी मालिकेतले टँक यांच्यात साधारणपणे काळी पिगमेंटची आणि बाकीचे तीन रंग डायचे असतात. एप्सनमध्ये मॉडेल बघून घ्यावं लागतं: ००३ च्या बाटल्या घेणाऱ्या स्वस्त मॉडेलमध्ये चारही रंग डायचे, ००१ च्या बाटल्या घेणाऱ्यांत काळी पिगमेंटची. मिस्टरांना जुलैत ग्राहकाकडे भिजत जायचं असतं, फॉर्मवर सह्या घ्यायच्या असतात, त्यामुळे तुमच्या घरात हा मुद्दा वायफाय-बियफायच्या आधी येतो. दुकानात डेमोचं मशीन असेल तर एक पान काढायला लावा, दोन मिनिटं थांबा आणि ओलं बोट अक्षरांवरून फिरवा. दुकानदार जरा बघेल तुमच्याकडे, बघू दे. चकचकीत फोटो पेपरवर पिगमेंट काळी नीट बसत नाही, म्हणून अशी मशीन्स फोटो छापताना तिला बाजूला ठेवून तीन रंगांच्या मिश्रणातून काळा करतात. त्याला थोडी तपकिरी किंवा निळसर झाक येते. फोटो लॅबला द्या म्हणते त्यामागे हेही कारण आहे.

घेताना आणखी दोन गोष्टी विचाराच. हेड साफ करताना जी शाई वाया जाते ती मशीनच्या तळाशी एका स्पंजमध्ये मुरते. स्पंज भरला की, खरं तर मशीनच्या मोजणीप्रमाणे भरला की, प्रिंटर छापायलाच नकार देतो. काही मॉडेलमध्ये हा डबा स्वतः काढून दुसरा बसवता येतो, काहींत सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं. तुम्ही पहिल्या प्रकारचा घ्या. दुसरं, तुमच्या पिनकोडला माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो का, हे दुकानदाराला न विचारता कंपनीच्या हेल्पलाइनला विचारा. वॉरंटी ‘एक वर्ष किंवा अमुक इतकी पानं, जे आधी होईल ते’ अशी असते आणि बऱ्याच कंपन्या ऑनलाइन नोंदणी केली की ती वाढवून देतात. बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरचं बिल वर्षात कोरं होतं.

वायफाय हवंच, कारण निम्मे कागद मोबाइलवरच येतात. घरगुती प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्‌झच्याच वायफायला जोडले जातात. राउटरची दोन नावं दिसत असतील तर ‘५जी’ लिहिलेलं सोडून दुसरं निवडा. आयडी कॉपीची सोय आहे का बघा. आधारची पुढची बाजू ठेवून बटण दाबायचं, उलटून पुन्हा दाबायचं, दोन्ही बाजू एकाच पानावर येतात. मिस्टरांचा रोजचा त्रास वाचेल. पाठपोट छपाई आपोआप करणारं मॉडेल महाग असतं. पानं हाताने उलटून घालता येतात, त्यासाठी पैसे घालवू नका. कागदाचा ट्रे पुढे आणि बंद असलेला मिळाला तर उत्तम. मागच्या उघड्या ट्रेमध्ये धाकट्याचे खोडरबर, क्लिपा आणि अधूनमधून पालही जाते.

आता सासूबाईंचा अल्बम. घाई प्रिंटची नाही, स्कॅनची आहे. भिजून वाळलेले फोटो दर पावसाळ्यात आणखी खराब होतात, तेव्हा जे सुटे आहेत ते मशीन आल्या आल्या स्कॅन करा. काच मऊ सुती कापडाने पुसा, पाणी किंवा स्प्रे काचेवर मारू नका, कडेने आत जातो. स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) ठेवा. चार बाय सहाच्या फोटोची फाइल मग २,४०० बाय ३,६०० पिक्सेलची होते, म्हणजे उद्या तोच फोटो आठ बाय बाराचा करून भिंतीवर लावायचा म्हटला तरी चालेल. त्याहून जास्त आकडा टाकलात तर फक्त फाइल फुगेल, जुन्या फोटोत तेवढा तपशील नसतोच. ए-४ च्या काचेवर चार बाय सहाचे तीन मावतात: वर दोन उभे, खाली एक आडवा. साडेतीन बाय पाचचे जुने असतील तर चार. मध्ये थोडी जागा सोडा आणि नंतर कापून वेगळे करा. हे काम मुलीला द्या. दहावीचं वर्ष असलं तरी रविवारी तासभर चालेल, आणि सासूबाईंना शेजारी बसवा. कोणत्या फोटोत कोण आहे ते आत्ताच फाइलच्या नावात लिहून घ्या. ‘आयएमजी ००४७’ मधली आत्या कोण, हे वीस वर्षांनी सांगायला कोणी नसेल.

एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. जुन्या लॅबच्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. पुराच्या पाण्याने तो फुगला आणि वाळताना डिंकासारखा चिकटला. वरचा जो भाग दिसतोय तो आधी जसा आहे तसा स्कॅन करा. मग फारच हवाहवासा फोटो असेल तर स्वच्छ गार पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवून कोपऱ्याकडून अलगद सोडवायचा प्रयत्न करता येतो; त्यात काही हातचे जातील ही तयारी ठेवा. सुटला तर वरची बाजू मोकळी ठेवून सावलीत वाळवा. हा उपाय फक्त लॅबच्या फोटोंवर. घरच्या इंकजेटवर काढलेला असेल तर पाण्यात घालताच रंग उतरेल.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र काचेसकट राहू दे. घरगुती मशीनचा स्कॅनर काचेला टेकलेल्या वस्तूचंच नीट चित्र घेतो. मध्ये फ्रेमची दोन मिलिमीटरची काच आली की धूसर येतं. त्यापेक्षा फ्रेम पडवीत न्या, उन्हात नको, सावलीच्या उजेडात. अंगात गडद शर्ट घाला म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब पडणार नाही. फ्लॅश बंद. मोबाइल थोडा लांब धरून दोन पट झूम करा, जवळून काढलं की कडा वाकतात. चार-पाच फोटो काढा, एक तरी निघतोच.

व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो बारीक होऊन आलेले असतात, लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेल. चार बाय सहाला एवढं चालून जातं, आठ बाय दहाला पिचपिचीत दिसतं. नातेवाइकांना सांगा, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तसा पाठवला की मूळ फाइल येते. बडोद्याच्या काकांना हे फोनवर समजावण्यात अर्धा दिवस जाईल, पण काम होईल. सगळं जमलं की एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा, एक गूगल ड्राइव्हवर. सगळ्या प्रती चिपळुणातच ठेवू नका. वाशिष्ठी नदीने काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको.

लॅब निवडताना विचारा की प्रिंट केमिकलच्या फोटो पेपरवर निघते की इंकजेटवर. हल्ली दोन्ही प्रकारची मशीन्स असतात आणि दुकानावरच्या पाटीवरून कळत नाही. केमिकलवाली मिळाली तर तीच घ्या. रंग टिकतात, आणि पुन्हा कधी भिजलाच तर लगेच स्वच्छ पाण्यात धुऊन वाळवता येतो. फिनिश ग्लॉसी न घेता मॅट किंवा लस्टर (हलक्या चमकेचं) घ्या, बोटांचे ठसे उठत नाहीत आणि दमट हवेत प्लॅस्टिकला चिकटत नाही. फोटो चिकटवून वरून फिल्म दाबायचे ते अल्बम टाळा. त्यांचा गोंद फोटो पिवळे करतो आणि नंतर सुटत नाहीत. खिशाखिशांचा साधा अल्बम घ्या.

घरी फोटो छापूच नका असं नाही. पासपोर्ट साइजचे जरूर छापा. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो चार बाय सहाच्या एका कागदावर बसतात, आणि शाळेचा फॉर्म हटकून रात्री दहाला आठवतो. वाढदिवसाचा एखादा, शेजाऱ्यांना द्यायचा एखादा, चालतंय. फक्त प्रिंट देताना कागदाचा प्रकार बदला. ट्रेमध्ये फोटो पेपर आणि सेटिंगमध्ये ‘प्लेन पेपर’ ठेवून छापलं की फोटो मळकट येतो आणि लोक प्रिंटरला नावं ठेवतात. पेपर १८० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) वरचा घ्या, आणि छापलेला फोटो दिवसभर उघडा वाळू द्या, मगच अल्बमच्या खिशात घाला.

तुमचा जुना प्रिंटर सुट्टीत का रुसायचा ते आता लक्षात आलं असेल. शाई हेडच्या बारीक छिद्रांत सुकते. टँकलाही हा धोका आहे, म्हणून आठवड्यातून एकदा तरी चारही रंग असलेलं एक पान काढा. पाचवीतल्याचं चित्र असलं तरी पुरे. बंद करताना नेहमी प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने करा, भिंतीचं बटण त्यानंतर. प्रिंटरचं बटण दाबलं की घर्रर्र आवाज करत हेड उजव्या टोकाला जाऊन रबरी टोपीखाली बसतं; थेट भिंतीवरून वीज तोडली तर ते मध्येच उघडं राहतं आणि सुकतं. गावाला जाताना हे आठवणीने करा. परत आल्यावर आधी नोझल चेक (हेडची छिद्रं तपासायचं रेघांचं पान) काढा, रेघा तुटलेल्या दिसल्या तर क्लिनिंग एक-दोनदा करा, मग काही तास थांबा. लागोपाठ पाच-सहा वेळा क्लिनिंग मारण्यात शाई जाते आणि तळाचा स्पंज भरतो. पावसाळ्यात कागदाचं रीम उघडं ठेवू नका, झिपच्या पिशवीत ठेवा आणि लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये घाला. दमट कागद दोन-दोन ओढला जातो किंवा अडकतो.

आणि प्रिंटर तळमजल्यावर ठेवणार असाल तर पाणी भरायची वेळ आली तेव्हा तो माळ्यावर कसा न्यायचा हे घरात सगळ्यांना माहीत असू दे. टाक्यांची झाकणं घट्ट, मशीन आडवंच, तिरपं नाही. काही मॉडेलना वाहतुकीसाठी लॉक असतं, ते लावायचं. तिरपा नेला तर शाई आतल्या भागांवर सांडते, आणि पुरातून वाचलेला प्रिंटर शाईने मरतो.

जुन्या मशीनवर एक प्रयत्न करून बघायला हरकत नाही. कार्ट्रिजच्या खाली तांब्याची चकचकीत पट्टी दिसत असेल तर हेड कार्ट्रिजमध्येच आहे. कोमट पाण्याने ओला केलेला टिश्यू बशीत घडी करून ठेवा, त्यावर छिद्रांची बाजू मिनिटभर टेकवा, मग कोरड्या टिश्यूवर टिपा. रंगाचा ठसा उमटला तर जीव आहे. चालू झाला तर धाकट्याला द्या, नाही झाला तर ई-कचरा घेणाऱ्याकडे; भंगारवाल्याला नको.

नव्या टँकमध्ये पहिल्यांदा शाई भराल तेव्हा पातळी बघता बघता खाली जाईल. घाबरून दुकानदाराला फोन करू नका, ती नळ्या भरायला गेलेली असते. पुढच्या बाटल्या निदान वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्याच घ्या.